पावसाळ्यात टेपर मारणारा लेथ : घरच्या वर्कशॉपमधलं एक प्रकरण

जॉब साधा होता. लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून बिट नावाच्या हत्याराने कापणारं यंत्र. त्या बिटांना धार लावायला छोटा टूल ग्राइंडर बनवायचा होता. त्याचं स्पिंडल, म्हणजे फिरता दांडा, ६२०३ नंबरच्या दोन बेअरिंगांवर फिरणार आणि ती बेअरिंगं बिडाच्या हाऊसिंगमध्ये बसणार. ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२ मिमी. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. हाऊसिंग ९० मिमी लांब. दोन्ही बेअरिंगं एकाच रेषेत यावीत म्हणून ४० चं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, एकाच पकडीत आरपार मारायचं ठरवलं.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी बोअर पूर्ण झालं. चकच्या, म्हणजे फिरता तुकडा धरणाऱ्या जबड्याच्या, बाजूच्या टोकाला बेअरिंग अंगठ्याने दाबल्यावर जरा अडत, कुरकुरत बसलं. छान वाटलं. मग तेच बेअरिंग तोंडाच्या बाजूने घातलं, तर ते आत खुळखुळलं. टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर लावून पाहिलं : चककडे ४०.००, तोंडाशी ४०.०४. अशा हाऊसिंगला एच७ या प्रमाणित मापश्रेणीची मुभा शून्य ते ०.०२५ मिमी इतकीच. शिवाय बेअरिंगची बाहेरची कडा स्वतःच ४० पेक्षा ०.०११ पर्यंत लहान असू शकते. दोन्ही मिळून तोंडाकडच्या बेअरिंगला अर्धा दशांश मिलिमीटर खेळ. ग्राइंडरच्या स्पिंडलला एवढा खेळ दिला तर धार लागणार नाही, बिट नुसती थरथरेल.

नव्वद मिलिमीटरमध्ये चार शतांश. दोन टोकांच्या व्यासातल्या अशा फरकालाच टेपर म्हणतात. हे कुठून आलं ते शोधायला पाच आठवडे गेले, आणि ते कायमचं घालवायला दहा महिने.

जागा, यंत्र आणि मी

मी शाळेत गणित शिकवतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी लेथचा नाद लागला. कोल्हापुरात या नादाला वातावरण पोषक आहे. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, चक्कर मारली की बिडाचे तुकडे, इएन८ पोलादाच्या सळ्यांची उरलेली टोकं, वापरलेली बिटं असं सगळं किलोवर मिळतं, आणि टपरीवर चहा पिताना शेजारचा माणूस सहज सांगून जातो की बिडाला कूलंट नको, कोरडंच मार.

घर गावाच्या कडेला, मागे जुना गोठा. म्हशी गेल्या तशी दहा बाय चौदाची ती जागा माझी झाली. खाली शहाबादी फरशी. डिसेंबरात तिथे राजकोटकडचा साडेचार फुटी, सेकंडहँड लेथ आणून ठेवला. सेंटर हाइट, म्हणजे लेथच्या लांब बेडपासून फिरत्या तुकड्याच्या मध्यापर्यंतची उंची, साडेसहा इंच, म्हणजे १६५ मिमी. एक एचपीची सिंगल फेज मोटर. बिडाचे दोन पाय, प्रत्येकाला दोन बोल्ट. फरशीला भोकं पाडून चारही अँकर बोल्ट मी इतके आवळले की पाना वाकायचा राहिला. त्याचा मला अभिमान होता. पुढच्या सगळ्या घोळात या अभिमानाचा वाटा मोठा आहे.

गुरू म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे अण्णा. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये टर्नर म्हणून पस्तीस वर्षं उभे राहिलेले. पगाराची अपेक्षा नाही, पण चहा वेळेवर पाहिजे.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून होती, ती मास्तरकीची. प्रत्येक जॉबची मापं वहीत लिहायची. फेब्रुवारीत चकमध्ये धरून, टेलस्टॉक (मोकळ्या टोकाला आधार देणारा लेथचा भाग) न लावता, १०० मिमी लांबीची एक जाड पिन मारली होती. वहीत नोंद होती : दोन टोकांत फरक ०.०१.

मी ज्यांच्यावर संशय घेतला

पहिला संशय बिटावर. धार लावली, नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, कमी केला, बिट जॉबच्या मध्याच्या उंचीला नीट आणली. दुसरा तुकडा मारला, फरक तोच, ०.०४.

मग वाटलं, जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडाच, दबतोय. पुस्तकी कारण तेच असतं : चकमधून बाहेर आलेलं मोकळं टोक बिटाच्या दाबाने मागे सरकतं, तिथे माल कमी निघतो. त्यावर उपाय म्हणजे कट न वाढवता त्याच मापावर बिट दोन-तीनदा फिरवणं. फिरवली. थोडी भुकटी निघाली, फरक हलला नाही.

मग मी दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना अणकुचीदार टेकू देऊन, ३०० मिमीची सळई धरून मारली आणि टोकाटोकांत ०.०१ सुद्धा फरक आला नाही. इथे मी निष्कर्ष काढून मोकळा झालो : टेलस्टॉक लावला की सरळ, काढला की तिरका, म्हणजे मशीन ठीक, दोष आधार नसलेल्या जॉबचा. वहीत तसं लिहून खाली रेघही मारली. गणिताच्या मास्तराने सिद्धतेत जी चूक केली म्हणून पोरांचे मार्क कापावेत, अगदी तीच चूक : उत्तर जुळलं म्हणून कारण खरं धरलं.

मधल्या काळात ग्राइंडरच्या स्पिंडलवरच्या बेअरिंगच्या जागाही टेपर आल्या. त्या मी फिरत्या जॉबवर कानस आणि पॉलिश पेपर मारून मापात आणल्या. हे करताना हातमोजे नसावेत, बाह्या कोपराच्या वर असाव्यात, कानशीला मूठ असावी आणि कानस डाव्या हाताने धरावी, म्हणजे हात चकवरून जात नाही. हे अण्णांनी पहिल्याच आठवड्यात ओरडून शिकवलं होतं. पण कानशीने माप आणणं म्हणजे वाढलेलं पोट शर्ट सैल शिवून लपवणं. बोअरमध्ये तर कानस घालायची सोयच नाही.

मोकळं टोक जाड, बोअरचं तोंड मोठं

उलगडा व्हायला लागला तो एका साध्या तुलनेवरून, आणि ती फळ्यावर आकृती काढताना सुचली. वर्ग सुटला होता, फळा रिकामा होता.

बाहेरून टर्निंग केलं तेव्हा मोकळं टोक जाड येत होतं. आतून बोअर केलं तेव्हा तोंड मोठं येत होतं. आता जॉब दबतो असं धरा. बाहेरून मारताना बिट जॉबला मागे ढकलते, मोकळ्या टोकाशी माल कमी निघतो, टोक जाड राहतं. इथपर्यंत जुळलं. पण बोअर मारताना बिट आपल्या बाजूच्या भिंतीवर आतून चालते आणि जॉबला आपल्याकडे ढकलते. मोकळं टोक बिटापासून पळालं तर तिथेही माल कमीच निघणार, म्हणजे तोंड लहान यायला हवं. माझं तोंड मोठं होतं. बोरिंग बार, म्हणजे आतून कापणाऱ्या बिटाचा दांडा, दबत असेल म्हणावं, तर बार तो धरणाऱ्या टूलपोस्टच्या बाहेर जेवढा आहे तेवढाच शेवटपर्यंत राहतो, दबला तर सगळीकडे सारखाच दबेल. त्यातून माप चुकेल, टेपर येणार नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र जुळतात ते एकाच परिस्थितीत : कॅरेज, म्हणजे बिट घेऊन बेडवरून सरकणारा भाग, टेलस्टॉककडे जाताना बिट हळूहळू आपल्याकडे सरकत असेल तर. बाहेरून ती जॉबपासून लांब जाते, टोक जाड. आतून ती भिंतीत घुसते, तोंड मोठं. जॉब निर्दोष होता. वाटच वाकडी होती.

म्हणजे एक तर हेडस्टॉक, चक फिरवणारा डावीकडचा भाग, तिरका बसलाय, नाहीतर बेडला पीळ पडलाय. मी हेडस्टॉकचे बोल्ट सोडायला पाना काढला.

"काय करायलायस?" अण्णा दारात.

सांगितलं.

"हेडस्टॉक स्वतःच्या पायानं चालत गेला व्हय रं? फेब्रुवारीत सरळ मारत हुता न्हवं? मग ह्यो आत्ता कसा सरकला? पाना ठेव खाली. जो हलला न्हाई, त्येला तू हलवू नको."

वहीतली फेब्रुवारीची ती एक ओळ नसती, तर मी त्या दिवशी हेडस्टॉक सोडला असता. नंतर तो पुन्हा जुळवायला किती रविवार गेले असते याचा विचार अजूनही करवत नाही.

मोजमाप

अण्णांनी आधी जाड सळई मागितली. दीड इंची, ३८ मिमी. चकमध्ये धरून, टेलस्टॉक दूर सारून, मधला भाग थोडा बारीक केला आणि दोन टोकांना दोन पट्टे ठेवले, पट्ट्यांमध्ये अंतर १०० मिमी. दोन्ही पट्ट्यांवर एकाच सेटिंगमध्ये ०.१ मिमीचा हलका कट. सळई जाड का, तर सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमीच्या सळईवर हीच चाचणी केली असती तर ती खरोखर दबली असती आणि पुन्हा चुकीचा आरोपी सापडला असता. ३८ च्या सळईचा ताठपणा तिच्या सुमारे शंभरपट. हलक्या कटाला ती हलत नाही असंच धरायला हरकत नाही.

मोकळ्या टोकाचा पट्टा ०.०४५ ने जाड.

मग लेव्हल. गवंड्याची लेव्हल बाटली इथे कामाची नाही. एका ओळखीच्या कारखान्यातून २०० मिमी लांबीची मशीन लेव्हल दोन दिवसांसाठी आणली, एका मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी. ती कॅरेजवरच्या क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवली, कॅरेज चकजवळ नेलं आणि खाली कागदाचे कपटे सरकवून बुडबुडा मध्यावर आणला. मग लेव्हलला हात न लावता कॅरेज ६०० मिमी टेलस्टॉककडे नेलं. बुडबुडा टोकाला जाऊन चिकटला तो चिकटलाच. लेव्हलच्या आपल्याकडच्या टोकाखाली फिलर गेजच्या ठरावीक जाडीच्या पात्या घालत गेलो. ०.१५ ला बुडबुडा पुन्हा मध्यावर आला.

म्हणजे चकपासून टेलस्टॉककडे जाताना बेड आपल्या बाजूला कलत जात होता. आता हिशेब : २०० मिमीत ०.१५ चा कल, बिट बेडपासून १६५ मिमी वर, म्हणून बिट सरकली ०.१५ गुणिले १६५ भागिले २००, म्हणजे सुमारे ०.१२४ मिमी. हे ६०० मिमीत. १०० मिमीत त्याचा सहावा हिस्सा, ०.०२१. व्यासात दुप्पट, ०.०४१. सळईवर मोजलं होतं ०.०४५. लेव्हलने सांगितलेलं आणि मायक्रोमीटरने सांगितलेलं इतकं जवळ आल्यावर हेडस्टॉकवर आरोप करायला जागाच उरत नव्हती.

आणि दोन सेंटरमध्ये सळई सरळ का आली? टेलस्टॉक त्याच बेडवर बसतो. बेड जितका कलला तितका टेलस्टॉकही कलला, त्याचं सेंटर बिटाइतकंच आपल्याकडे आलं. बिटाची वाट वाकडी, जॉबची रेषाही तेवढीच वाकडी, मग सळई सरळ दिसणारच. माझ्या वहीतला तो रेघ मारलेला निष्कर्ष याच योगायोगावर उभा होता.

यंत्रांच्या अचूकतेच्या चाचण्या बर्लिनच्या गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२० च्या दशकात पद्धतशीर मांडल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात त्या अजून त्यांच्याच नावाने शिकवतात, आणि त्यातही आधी यंत्र लेव्हल करायचं, मग बाकीचं तपासायचं. अण्णांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. क्रम मात्र तोच.

आईची साक्ष

बेड बिडाचा. त्याला पीळ घातला कोणी? आम्ही दोघं फरशीवर ओणवे होऊन हातोडीच्या दांड्याने ठोकत होतो. उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात फरशी भरीव वाजायची ती पोकळ वाजली. आई चहा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यात पन्हळीचं पाणी मुरतंय. दरवर्षी पावसात तिथल्या फरश्या उचलतात, उन्हाळ्यात परत बसतात. म्हैससुद्धा तिथं बसत नव्हती."

तीस वर्षांची निरीक्षणं घरात होती, मी विचारलं नव्हतं.

गोठ्याखाली काळी माती आहे. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. म्हणूनच आपल्याकडे जुने लोक मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय घराचा पाया घालत नाहीत. गोठ्याला तेवढं कोण करतं? पन्हळीचं पाणी नेमकं एकाच कोपऱ्यात पडत होतं, तिथली माती फुगली, उजवा मागचा बोल्ट फरशीसकट वर आला. बाकीचे तीन कोपरे जागेवर. चारही बोल्ट मी जिवाच्या आकांताने आवळलेले, त्यामुळे लेथला नुसतं डगमगायचीही मुभा नव्हती. त्याला पिळणंच भाग होतं.

पडताळा घेणं सोपं होतं. अण्णांनी चारही नट सैल करायला लावले, बाकी काही नाही. त्याच सळईवर पुन्हा हलका कट : ०.०४५ चे ०.०२ झाले. एक चिपही न काढता यंत्राचा निम्म्याहून जास्त दोष पान्याच्या चार वळशांत गेला.

तात्पुरतं आणि कायमचं

पावसाळ्यात खणता येणार नव्हतं. म्हणून उजव्या पायाच्या पुढच्या कोपऱ्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, कात्रीने कापता येतो. नट पुन्हा आवळून, चार तुकड्यांवर फरक ०.०११ आला, पाचव्यावर ०.००३. माझा मायक्रोमीटर ०.००१ वाचतो, पण माझ्या हाताचा भरवसा ०.००३ च्या पुढे नाही, म्हणून तिथे थांबलो.

बिघडलेलं हाऊसिंग वाचलं. कारखान्यात ते भंगारात गेलं असतं. घरी ड्रॉइंगही आपलंच असतं. ४२ चं बोअर करून ६००४ नंबरची बेअरिंगं घातली : आतून २०, बाहेरून ४२, रुंदी तीच १२. १७ च्या जागी २० चं स्पिंडल करावं लागलं, ते २५ च्या सळईतून नव्याने काढलं. उलट जाड स्पिंडल जास्त ताठ झालं. कानस मारून सरळ केलेलं जुनं स्पिंडल खिडकीला आडणा म्हणून लावलंय.

दिवाळीनंतर पुन्हा तीच सळई धरली. मोकळं टोक आता ०.०२ ने बारीक. माती वाळून बसली होती आणि माझ्या पाच शिमा आता उलटा पीळ घालत होत्या. वाईट वाटायच्या ऐवजी मला फार बरं वाटलं. निदानाला यापेक्षा चांगली पावती मिळाली नसती. दोन शिमा काढल्या, पण ऋतूप्रमाणे पत्रे घालत-काढत बसणं म्हणजे पंचांग बघून टर्निंग करणं.

तीन पायांवर लेथ उभा करायचाही विचार झाला. तीन टेकूंवर ठेवलेल्या वस्तूला जमीन पिळू शकत नाही. टेबलावरच्या छोट्या लेथला ते चालेल. माझा लेथ वर जड, खाली अरुंद. जड चक बसवताना तो कलंडला तर काय, या विचारानेच तो बेत सोडला.

एप्रिलात लेथ पाइपांवर घरंगळत बाजूला केला. गोठ्याच्या भिंतीपासून फूटभर लांब राहून, सहा बाय अडीच फुटांचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणला. अडीच फुटांवर लागला. खाली दगडी सोलिंग, वर कुटलेला मुरूम, त्यावर आठ इंचांचा काँक्रीटचा एकसंध ठोकळा. १२ मिमीच्या सळ्यांची जाळी खालीही आणि वरही. सभोवार फरशीपासून बोटभर फट सोडली, म्हणजे फरशी उचलली तर ठोकळ्याला ओढणार नाही. गोणपाट ओलं ठेवून अठ्ठावीस दिवस वाट पाहिली. ते दिवस फार लांबले. गवंडी, खडी, सिमेंट, सळई मिळून खर्च लेथच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास गेला, हे घरात अजून नीटसं जाहीर केलेलं नाही.

ठोकळा हलणारच नाही असं मी धरलेलं नाही. तो कलू शकतो. पण एकसंध असल्यामुळे कलला तर अख्खा कलेल, लेथलाही अख्खा घेऊन कलेल, आणि नुसत्या कलण्याने लेथचं काही बिघडत नाही. जहाजांवरही लेथ असतात, समुद्र काही लेव्हलमध्ये नसतो. लेव्हल वापरायची ती यंत्र क्षितिजाला समांतर करायला नव्हे, तर त्याच्या दोन टोकांचा कल सारखा आहे ना हे बघायला.

या वेळी चारही बोल्टांपाशी कोपरा वरखाली करणारे उचलबोल्ट घातले, लेव्हलने पीळ काढला, नट बेताने आवळले. आठवड्याने परत बघितलं, एका कोपऱ्याला पाव वळसा द्यावा लागला. शेवटी टेलस्टॉक तपासला. तो पहिल्यापासून जागेवरच होता.

पन्हळीला पाइप जोडून पाणी परड्यात सोडलंय. आईने तिथे कर्दळ लावली. यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवस झड लागलेली असताना, तीच ३८ ची सळई धरून दोन पट्टे मारले : १०० मिमीत ०.००८. वहीत तारीख घातली. ऑक्टोबरात परत मारायचे आहेत, सळई जाडीला अजून ३५ मिमी उरलीय.